सरकारी वकील कुणाचा?

रोहा, जि. रायगड

चि. छोटी,


पेणच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे दादाने फोनवर सांगितले. तेव्हापासून वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवते आहे, धावीर महाराजांना नारळही वाढवून झाला. परवा तुझ्या कौतुकाला सगळे जमले होते, तेव्हा आळीतले एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आता आमची पोरगी एकेका आरोपीला आत टाकणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने तू मला बाजूला घेऊन विचारलेस, "आत्या, अमेरिकेत लोक सरकारी वकील मत देऊन निवडतात. आपल्याकडे तसे असते तर लोकांना न्याय लवकर मिळाला नसता का?" घर माणसांनी भरलेले होते, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. ते गृहस्थ जे म्हणाले आणि तू जे विचारलेस, त्या दोन्हीचे उत्तर एकच आहे, आणि ते नीट लिहून कळवायला हवे असे वाटले.

मी सारी वकिली आरोपीच्या बाजूने केली. सरकारी वकील हा माझा रोजचा समोरचा माणूस. त्याचे मोठेपण आणि त्याचे घसरणे, दोन्ही समोरच्या बाकावरूनच जास्त स्पष्ट दिसते. म्हणून हे हक्काने लिहिते आहे.

आधी तुझी अमेरिका. तिथल्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा सरकारी वकील खरोखरच निवडणुकीने येतो. ही पद्धत मिसिसिपी राज्याने १८३२ मध्ये सुरू केली आणि पुढे ती पसरत गेली. त्यामागचा विचार चांगला होता. गव्हर्नरने आपल्या मर्जीतले लोक नेमायचे आणि त्यांनी गव्हर्नरच्या मित्रांना सोडायचे, हे बंद व्हावे. सरकारी वकिलाने लोकांना उत्तर द्यावे. आपल्याकडच्या नेमणुका पाहणाऱ्या कुणालाही हा विचार पटेल.

पण २००६ चे नॉर्थ कॅरोलिनातले डरहम बघ. तिथले सरकारी वकील माइक निफाँग निवडणुकीला उभे होते. मे महिन्यात पक्षांतर्गत मतदान होते. त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातल्या गोऱ्या खेळाडूंवर एका कृष्णवर्णीय स्त्रीने बलात्काराचा आरोप केला. गाव पेटले. निफाँग रोज वार्ताहरांसमोर उभे राहून आरोपींविरुद्ध बोलत राहिले, आणि निवडणूक जिंकले. पण आरोपींना उपयोगी पडणारा डीएनए तपासणीचा निष्कर्ष बचावपक्षाला पूर्ण दिला गेलाच नव्हता. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी तिन्ही तरुण निर्दोष असल्याचे जाहीर केले, आणि जूनमध्ये निफाँग यांची वकिलीची सनद गेली. मला यात सर्वांत वाईट काय वाटते सांगू? त्या तीन मुलांचे नुकसान तर झालेच. पण त्यानंतर त्या भागात खरोखर अत्याचार झालेली एखादी स्त्री पुढे आली असेल, तेव्हा तिच्याकडे लोकांनी कसे पाहिले असेल? सरकारी वकील खोटा पडला की पुढच्या प्रत्येक खऱ्या फिर्यादीचे वजन कमी होते.

दुसरी बाजूही सांगते, नाही तर अन्याय होईल. कमला हॅरिस २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी म्हणून निवडून आल्या. फाशीची मागणी करणार नाही, हे त्यांनी प्रचारातच सांगितले होते. २००४ च्या एप्रिलमध्ये आयझॅक एस्पिनोझा नावाच्या तरुण पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली. सगळे पोलीस दल फाशी मागत होते. हॅरिस यांनी अवघ्या तीन दिवसांत नाही म्हणून सांगितले. अंत्यविधीच्या सभेत त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर डायन फाइन्स्टाइन यांनी फाशीची बाजू घेतली आणि चर्चमधले पोलीस उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हॅरिस समोरच बसलेल्या होत्या. निर्णय त्यांनी बदलला नाही. त्यांचे पुढचे सगळे राजकारण मला पटते असे नाही, पण त्या दिवसाचा मान त्यांना द्यायलाच हवा. म्हणजे निवडून आलेला सरकारी वकीलही लोकांसमोर ताठ उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी पुढची निवडणूक हरायची तयारी लागते, आणि व्यवस्थेने प्रत्येक माणसाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा धरून चालणे बरोबर नाही.

आता आपले घर. आपल्याकडे दोन दारे आहेत. तू लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलीस; दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभी राहशील. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील असतो. त्याच्यासाठी जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी करतात आणि शासन त्यातून नेमते. किमान सात वर्षांची वकिली असावी, ही कायद्याची अट. ती पुरी करणारे पुष्कळ असतात. त्यातून कुणाला निवडले जाते, हे सरकार बदलले की जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वकीलही कसे बदलतात यावरून कुणालाही समजते. ही आपली दुखरी जागा आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून मी तुला अमेरिकेचे दोष सांगणार नाही. पण या दुखण्यावर मतपेटी हे औषध नव्हे. नेमणुकीतला पक्ष काढायचा, तर यादीत न्यायाधीशांच्या शब्दाला खरे वजन द्यायला हवे आणि मुदत संपण्याआधी कुणाला का काढले ते लेखी कारणांसह सांगायला हवे.

तुझी खुर्ची पोलिसांपासून वेगळी व्हायला किती काळ गेला, हे तुमच्या प्रशिक्षणात घाईने सांगून टाकतात, म्हणून मी पुन्हा सांगते. पूर्वी खालच्या कोर्टात पोलीस प्रॉसिक्यूटर उभा राहायचा. ज्यांनी तपास केला त्यांचाच माणूस खटला चालवायचा. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि सहायक सरकारी अभियोक्ता हे वेगळे पद आले. महाराष्ट्रात मात्र नाव बदलले तरी हुकूम पोलीस खात्याचाच चालत राहिला. शेवटी याच पदावरच्या मंडळींनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालाने महाराष्ट्र शासनाला बजावले की या वकिलांना पोलीस खात्याच्या ताब्यातून काढा आणि त्यांचा स्वतंत्र विभाग करा. म्हणजे पेण पोलीस ठाण्याचे निरीक्षक तुझे साहेब नाहीत. ते दोषारोपपत्र घेऊन येतील तेव्हा चहा जरूर पाज, पण कागद वाचल्याशिवाय मान डोलावू नकोस. पंचनाम्यात खोट असेल तर ती त्यांना आधीच दाखव. नाही तर कोर्टात माझ्यासारखी कुणी तरी ती दाखवेलच.

रोह्याला माझ्या उमेदीच्या काळात एक सरकारी वकील होते. घरफोडीची केस होती, आरोपी वाडीवरचा कातकरी मुलगा. चोरीच्या रात्री तो तापाने सरकारी दवाखान्यात पडून होता, हे त्याची आई सांगत होती. माझ्या हाती कागद नव्हता. त्या वकिलांनी स्वतः दवाखान्याचे रजिस्टर मागवले, नोंद सापडली, आणि ती त्यांनीच न्यायाधीशांपुढे ठेवली. मुलगा सुटला. फिर्यादी व्यापारी त्यांच्यावर कितीतरी दिवस चिडून होता. मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "आभार कसले, बाई? सरकारला खरा चोर हवाय." पुढे त्यांच्याविरुद्ध मी अनेक खटले हरले, आणि त्यांतला एकही अन्यायाने हरले असे मला वाटले नाही. त्यांनी आरोपी दोषी आहे असे म्हटले की न्यायाधीश कान देऊन ऐकायचे, कारण दोषी नसलेल्याविषयी ते तसे म्हणत नसत. सरकारी वकिलाची खरी कमाई हीच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात हेच तत्त्व मांडले: काहीही करून शिक्षा मिळवायचीच, अशी तहान सरकारी वकिलाला नसावी, आरोपीच्या फायद्याची गोष्टही त्याने कोर्टापुढे आणावी. याच्या उलट टोकही असते. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी जळीतकांडाच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि सगळे आरोपी सुटले. २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या सरकारी वकिलांवर कडक ताशेरे ओढले, ते जणू बचावाचेच काम करत होते या अर्थाचे. खटला महाराष्ट्रात आणून नव्याने चालवला आणि २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली. त्या वेळी गुजरातेत मोठ्या जमावाची मर्जी कुणाकडे होती, हे आठव. तिथला सरकारी वकील मतांवर निवडून आला असता, तर त्या होरपळलेल्या घरातल्या माणसांना कुणी विचारले असते? गावात ज्यांची मते थोडी, त्यांनाच सरकारी वकिलाची गरज सर्वांत जास्त.

उज्ज्वल निकम यांचे नाव तू आदराने घेतेस, ते योग्यच आहे. जळगावच्या जिल्हा न्यायालयातून आलेला हा माणूस. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. २६/११ च्या हल्ल्याचा खटलाही त्यांनीच चालवला, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात. मे २०१० मध्ये दहशतवादी कसाबला फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि त्याच निकालात दोघे भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. एवढ्या संतापाच्या काळात आपल्या न्यायव्यवस्थेने हे करून दाखवले, त्यात सरकारी वकिलाचाही वाटा मोठा आहे. पण २०१५ मध्ये निकम यांनीच जाहीरपणे सांगितले की कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट खरी नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडण्यासाठी आपण ती रचली होती. मला ही गोष्ट फार लागली. त्या खटल्यात पुरावा डोंगराएवढा होता, त्याला कल्पित गोष्टीची जोड कशाला हवी होती? तू कोर्टाच्या पायऱ्यांवर माइकपुढे कधी बोललीस, तर रोजनाम्यात जे आहे तेवढेच बोल. बरे तर हे की बोलूच नकोस.

पुढे २०२४ मध्ये निकम यांनी मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभा लढवली. त्याआधी खटल्यांतून ते बाहेर पडले होते, पराभवानंतर काही खटल्यांवर शासनाने त्यांना पुन्हा नेमले, आणि विरोधकांनी आक्षेप घेतला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. राजकारणात जाणे हा त्यांचा हक्क. पण काल ज्याने एका पक्षाच्या चिन्हावर मते मागितली, तोच आज राज्याच्या वतीने खटला चालवतो आहे, हे पाहून आरोपीच्या घरच्यांना काय वाटेल? तो प्रामाणिकपणे काम करत असेल, तरीही त्यांच्या मनातली शंका कुठलाही निकाल धुऊन काढत नाही.

मी निवडणुकीच्या विरुद्ध आहे असे मात्र समजू नकोस. आपल्या भागाला मताची किंमत चांगली माहीत आहे. तुझ्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांना २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने मतदान घेऊन विचारले होते, महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही. एन. डी. पाटलांसारख्यांच्या पाठबळावर शेतकऱ्यांनी तो दिवस मिळवला होता. जमीन कुणाला द्यायची, हा मताचाच प्रश्न आहे. अमुक माणसाने चोरी केली की नाही, हा मताचा प्रश्न कधीच होऊ शकत नाही.

आणि रोह्याचे चिंतामणराव. ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या गावात आहे, ते सी. डी. देशमुख वकिलाचा मुलगा. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. आणि १९५२ मध्ये ते निवडून आले आपल्या जिल्ह्याच्या, त्या वेळच्या कुलाबा मतदारसंघातून. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचे ठरले तेव्हा १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून मोकळे झाले. नेमलेला अधिकारी आणि निवडून आलेला प्रतिनिधी, दोन्ही ते होऊन गेले. अधिकारी असताना त्यांनी नियम पाळला. प्रतिनिधी झाल्यावर लोकांच्या बाजूने खुर्ची सोडली. कुठल्या पदावर कुणाशी इमान राखायचे, हे त्यांना कळत होते. तुझ्या पदाचे इमान न्यायालयाशी आणि पुराव्याशी आहे.

आता पेणचे रोजचे काम. तुझ्या बोर्डावर महामार्गावरच्या अपघातांच्या केसेस बऱ्याच असतील. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याचे भोग वडखळ-पेणच्या माणसांनी किती वर्षे भोगले, ते तुला ठाऊकच आहे. अशा केसमध्ये मेलेल्याची बायको कोर्टात येते आणि तिला कुणी ओळखतही नाही. तिला बोलाव, केस कुठवर आली ते सांग. साक्षीदाराला साक्षीपूर्वी भेट. पढवायला नव्हे, साक्षीत काय विचारतात आणि न्यायाधीश कुठे बसतात एवढे सांगायला. निम्मे साक्षीदार पैशाने फितूर होतात असे लोक म्हणतात. मी पाहिलेले बरेचसे भीतीने आणि कंटाळ्याने फिरले. पाचव्या तारखेलाही साक्ष न होता परत पाठवलेला मजूर सहाव्या तारखेला "मला काही आठवत नाही" म्हणतो, त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. कातकरी वाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघून जातात. समन्स "मिळून आला नाही" शेरा घेऊन परत येते. त्यांची साक्ष पावसाळ्यात घेता आली तर बघ, न्यायाधीशांना विनंती कर. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही, पण पेण-रोह्यात काम करायचे तर हे पंचांग ठाऊक हवे.

पेण अर्बन बँकेचे नाव तुझ्या कानावर रोज पडेल. सप्टेंबर २०१० मध्ये तिचे व्यवहार थांबले. लाखावर ठेवीदार, त्यांत गणपतीच्या कारखान्यात हात रंगवून पैसे साठवलेल्या बायका, निवृत्त शिक्षक. ती प्रकरणे तुझ्या कोर्टाच्या वरची आहेत. पण अशी माणसे तुझ्याकडे दुसऱ्या कुठल्या कामाने येतील, तेव्हा त्यांच्या आवाजात राग असेल. खटला वर्षानुवर्षे चालला की फिर्यादी सरकारी वकिलालाच आरोपी समजू लागतो. ऐकून घे.

एक दिवस खटला मागे घेण्याचा कागदही तुझ्या टेबलावर येईल. आंदोलनांतल्या केसेस शासन वेळोवेळी मागे घ्यायचे ठरवते. रायगडात रस्त्यावर उतरून केस अंगावर घेतलेले शेकडो साधे शेतकरी आहेत, आणि त्यांच्या मानेवरचे ओझे उतरावे असे मलाही वाटते. पण कायद्याने तो अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने करायचा असतो, वरून आले म्हणून सही करायची नसते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही, असेही घातले आहे. आमदार-खासदारांवरचे खटले तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवून दिले. फाइल पूर्ण वाच. दगड लागून एखाद्या शिपायाचा डोळा गेला असेल, तर तोही आपल्याच जिल्ह्यातला कुणाचा तरी मुलगा असतो.

पेणला रुजू झाल्यावर एखाद्या रविवारी गागोद्याला जाऊन ये. विनोबांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. शिक्षा माफ करून देण्याचा शब्द विनोबांनी त्यांना दिलेला नव्हता. त्यांच्यावर रीतसर खटले चालले. गुन्हेगाराविषयी इतकी माया असलेल्या माणसानेही कोर्टाला वळसा घातला नाही. माया आणि कायदा एकाच मनात राहू शकतात याची मला दुसरी एवढी मोठी साक्ष माहीत नाही.

तू बोलतेस चांगली, गावाला तू आवडतेस. दहा-पंधरा वर्षांनी कुणी तरी दाराशी येऊन म्हणेल, ताई, आता उभ्या राहा. वाटले तर जरूर उभी राहा. मी असले तर तुझी पत्रके घरोघर वाटीन. तेव्हा एवढे मात्र ऐक. आधी पद सोड, हातातल्या फायली दुसऱ्याच्या स्वाधीन कर, आणि प्रचारात एकाही खटल्याचे नाव घेऊ नकोस. किती जणांना शिक्षा मिळवून दिली, हा आकडा पत्रकावर छापू नकोस. आणि हरलीस तर पुन्हा त्या टेबलाशी जाऊ नकोस; बचावाची वकिली कर, माझे टेबल रिकामेच आहे.

तुझी,
आत्या

ता. क. सोमवारी हजर होशील तेव्हा प्रलंबित खटल्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढ, आणि जे आरोपी जामिनाअभावी आत आहेत त्यांची नावे सर्वांत वर घे.